पट्टाची जोडी

पडद्यावरची राणी दरवाज्यापर्यंत आली आणि चित्र तुटलं. मुकुलने दिवा लावला.

"शेवटचं रीळ मिळालंच नाही," तो म्हणाला. पुण्याहून आलेला हा मुलगा दोन वर्षं या जुन्या मूकपटाची डागडुजी करत होता. "प्रिंट उद्या जाते. कथा कुणाची, ते आजच फायनल करू."

कानडी मुलखातल्या बसवनगुडीत, त्या लहानशा खोलीत प्रेक्षक दोनच होते. अनुसूयाबाई सांगत होत्या, कथा माझ्या आजीची, तानूबाईंची. दयानंद म्हणत होता, माझ्या आजोबांची, जयसिंगरावांची. तानूबाई जयसिंगरावांची भावजय. वाटणीच्या भांडणात शहाणपण कुठलं? दसऱ्याला मांडायच्या बाहुल्यांतली राजाराणीची पट्टाची जोडीसुद्धा फोडली, राणी इकडे नि राजा तिकडे. तेव्हापासून दोन्ही घरं एकमेकांच्या दारचं पाणी पीत नव्हती.

"चित्राच्या पहिल्या पाटीवर नाव आजोबांचं आहे, अक्का," दयानंद म्हणाला. "तुमच्याजवळ काय आहे?"

काहीच नव्हतं. तानूबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या बाहुल्या मांडून प्रसंग सांगायच्या, दीर उतरवून घ्यायचे, असं आई सांगायची. आईच्या सांगण्याला इथे कोण विचारतो? अनुसूयाबाईंनी पदर मुठीत आवळला. आज हरले तर आजी कायमची पुसली जाणार होती.

"शेवटी काय होत असेल?" मुकुलने सहज विचारलं.

"काय होणार? राणी राजाच्या पायांवर डोकं ठेवते," दयानंद म्हणाला.

"स्वल्प थांब." अनुसूयाबाई पुढे सरकल्या. "दशमीला सगळे जोडीतली एक बाहुली आडवी निजवतात आणि मांडणी आवरतात. आमच्याकडे राणी निजत नाही. तिला उंबऱ्याबाहेर उभी करतो, घराकडे पाठ करून. आजीने घालून दिलेली रीत. का, ते कुणी विचारलं नाही."

मुकुलने मान हलवली. "काकू, हे प्रूफ नाही होत."

दयानंद उठला. आता हा जाणार, असं अनुसूयाबाईंना वाटलं. तो पांढऱ्या पडद्यासमोर जाऊन नुसता उभा राहिला.

"राणी मागे वळून बघते?" त्याने विचारलं.

"नाही. रस्त्याकडे बघते."

दयानंद वळला.

"आमच्याकडे दशमीला राजाला उंबऱ्याच्या आत ठेवतात," तो म्हणाला. "दाराकडे तोंड करून, एकटाच. तानूसासूबाईंची रीत आहे, मोडायची नाही, असं आई म्हणायची. आम्हाला वाटायचं, पाहुण्यांची वाट बघतोय. पण तो निघून गेलेल्या राणीकडे बघतोय; शेवटचा प्रसंग तानूबाईंनीच दोन घरांत मांडून ठेवलाय."

अनुसूयाबाईंचे डोळे भरून आले. ते पुसायचं त्यांना भान राहिलं नाही.

"तिचं नाव घाल," दयानंद मुकुलला म्हणाला. अनुसूयाबाईंकडे बघायचं त्याने टाळलं.

"आणि जयसिंगरावांचं?"

उत्तर अनुसूयाबाईंनी दिलं.

"तेही राहू दे. तिच्या खाली. उतरवून घेणारे म्हणून."

"सरी, ठीक आहे," दयानंद म्हणाला आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसला. या वेळी त्यांच्या शेजारच्या.