पस्तीस मिनिटं

फोन माझ्या नवऱ्याने घेतला. किनाऱ्याची दिवसभराची खासगी सहल, दोनच माणसं, सत्तरीपुढचं जोडपं. गाईड म्हणून त्यांना धाकटीच हवी होती. कुणीतरी तिचं फार कौतुक केलं होतं. वहीतलं नाव मी दोनदा वाचलं. ते माझे सर होते. भूशास्त्राची तीन वर्षं मी त्यांच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसून काढली होती.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. आमचा धंदा घरचाच. नवरा बुकिंग बघतो, दीर गाडी चालवतो, आणि बारा वर्षं किनारा दाखवायचं काम मी एकटीने केलं. मग ही लग्न होऊन आली, वर्षभर माझ्या मागे मागे फिरली आणि पुढे निघून गेली. माहिती माझी, जीभ तिची. आयत्या बिळावर नागोबा. माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती: भरती-ओहोटीचं गणित.

सहलीचा मुख्य टप्पा म्हणजे पाण्यातला जुना टेहळणी बुरूज. ओहोटीला तिथवरची दगडी वाट उघडी पडते. तिच्यावरून चालत जायचं आणि पाणी चढायच्या आत परत यायचं. छापील कोष्टक मोठ्या बंदराचं असतं. आमच्या खाडीत पाणी पस्तीस मिनिटं आधी चढतं. म्हणून रोज सकाळी मी कोष्टकावरून परत फिरायची वेळ काढते, तिच्यातून पस्तीस मिनिटं वजा करते आणि उत्तर चिठ्ठीवर लिहून धाकटीला देते.

त्या सकाळी दिराची पाठ धरली. नवरा म्हणाला, आज तू गाडी घे, तेवढीच सरांची भेट होईल. त्याच्या मनात काही नव्हतं. त्याच्या मनात कधीच काही नसतं. मी कोष्टक उघडलं. बंदराच्या हिशेबाने परत फिरायची वेळ बारा चाळीस. तेच लिहिलं. वजाबाकी विसरले असं म्हणता येणार नाही. आठवली होती, केली नाही. जास्तीत जास्त बूट भिजतील, सरांसमोर जरा फजिती होईल, असं मी स्वतःला सांगितलं आणि चिठ्ठीची घडी घालून धाकटीच्या हातात दिली. वहिनी, तुमच्यामुळे मी निश्चिंत असते, असं म्हणून तिने ती पर्समध्ये टाकली.

सरांनी मला ओळखलं, पण अर्धवट. "तू नकाशे फार सुबक काढायचीस," ते म्हणाले. "आता गाडी चालवतेस होय?" मी हो म्हणाले. नाही तरी कशाला म्हणायचं, हातात स्टिअरिंग होतं.

सबंध सकाळ मी आरशातून त्या तिघांना बघत होते. जुनं जकात-घर झालं, दीपगृह झालं. मग कड्यामधला पांढरा पट्टा आला. त्या पट्ट्यावर मी पाहुण्यांना दहा मिनिटं सांगत असे: शिंपल्यांचा थर, त्याचं वय, समुद्राची तेव्हाची पातळी. धाकटीने मला गाडी थांबवायला सांगितली आणि पाहुण्यांकडे वळली.

"आपण दाराच्या चौकटीवर पोरांची उंची लिहून ठेवतो ना, तशी समुद्राने इथे आपली लिहून ठेवलीये. तेव्हा एवढा होता."

सरांच्या पत्नी हसल्या. सरांनी मांडीवर थाप मारली. चाळीस वर्षं शिकवलं, पण हे काही सुचलं नाही, असं ते म्हणाले. मी आरशाचा कोन किंचित बदलला. आता त्यात फक्त मागचा रस्ता दिसत होता.

सव्वाअकराला ते तिघं दगडी वाटेवरून बुरुजाकडे गेले. मी गाडीत थांबले. काही गडबड वाटली तर गाडीत थांबलेल्याने तीन वेळा हॉर्न द्यायचा, हे आमचं ठरलेलं आहे. पावणेबाराला वाटेच्या डावीकडचे खडक ओले झाले. बारा वाजता त्यांतले दोन दिसेनासे झाले. सरांच्या पत्नी काठी घेऊन चालतात, हे सकाळीच पाहिलं होतं. शेवाळावर काठी टिकत नाही, हेही मला ठाऊक होतं. बूट भिजतील एवढंच, ही माझी समजूत तेव्हा मलाच टिकेना. मी हॉर्नवर हात ठेवला. दाबला असता का, हे मला आजही सांगता येत नाही. बारा वाजून दोन मिनिटांनी ते बुरुजाच्या पायऱ्या उतरताना दिसले. धाकटीने बाईंचा दंड धरला होता. खऱ्या वेळेला, बारा पाचला, अजून तीन मिनिटं होती आणि वाट कोरडी होती. बारा दहाला ते गाडीपाशी पोचले. कुणाचे बूट भिजले नव्हते.

सर खुशीत होते. "तुझ्या जावेने सगळं सांगितलं," ते मला म्हणाले. "चिठ्ठीत मुद्दाम बंदराची वेळ लिहिलीस, हिला वजाबाकी जमते का ते बघायला. शिक्षक असावा तर असा."

तीन वर्षं दुसऱ्या बाकावर बसून मी ज्या वाक्याची वाट पाहिली होती, ते हेच. मी मान खाली घालून किल्ली फिरवली.

संध्याकाळी त्यांना सोडून आल्यावर मी गाडीतली वाळू झाडत होते. धाकटी बाजूला येऊन उभी राहिली. चिठ्ठी तिच्या हातात होती. माझ्या बारा चाळीसखाली तिने पेन्सिलीने पस्तीस वजा करून बारा पाच लिहिलं होतं. आकडे जरा तिरके, उत्तर बरोबर.

"कधी केलंस हे?"

"सकाळीच. दारातून बाहेर पडायच्या आधी. दोन वर्षं मी रोज ताळा करून बघते, वहिनी. तुमचं कधी चुकलं नव्हतं."

म्हणजे तेही तिला येत होतं. आधी मला हेच बोचलं. लाज नंतर वाटली. क्रम सांगायचा तर हाच आहे.

"परीक्षा नव्हती," मी म्हणाले.

"ते कळलं मला." तिने चिठ्ठी डॅशबोर्डवर ठेवली. "माझ्यावरचा राग माझ्यावर काढा. बरोबर म्हातारी माणसं होती."

ती आत गेली. थोड्या वेळाने आतून तिच्या बोलण्याचा आणि नवऱ्याच्या, दिराच्या हसण्याचा आवाज आला. माझ्याबद्दल ती काही सांगत नसणार, याची मला खात्री होती. ते तर आणखीच सहन होईना.

आता चिठ्ठीवर मी बंदराचीच वेळ लिहिते. वजाबाकी ती करते, माझ्यासमोर, आणि उत्तर मला दाखवते. मी बरोबर म्हणते. अजून एकदाही तिचं चुकलेलं नाही. रोज सकाळी मी नीट बघते.