आठवी जाऊ

टक्.

एवढासाच आवाज. पण दुपारच्या त्या सामसुमीत तो असा वाजला की तिच्या काळजाचा ठोकाच चुकला. "गेलं! परत बंद पडलं!" म्हणत ती खुर्चीतून अर्धी उठली.

"अगं, किटली आहे ती," स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या. "पाणी उकळलं. तू कशाला उकळतेस?"

ती हसली खरी, पण छातीवरचा हात काही खाली येईना. जेवणाच्या टेबलावर तिचा नवाकोरा कॉम्प्युटर उघड्या पोटाने बसला होता. सुटे भाग आणून, एकेक स्क्रू पिळून, तिने तो स्वतःच्या हाताने जोडला होता. लेकीची, ठकूची, दुपारची झोप म्हणजे तिचं ऑफिस. त्या चोरलेल्या तासांत हे बाळ जन्माला आलं होतं आणि जन्मल्यापासून तापाने फणफणलं होतं.

ठकू व्हायच्या आधी ती डॉक्टरांसाठी शरीराच्या आतल्या फिल्म बनवायची. मग काही वर्षं सगळं बासनात गुंडाळलं. आणि आता लहान मुलांच्या हृदयाचं ऑपरेशन करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला शोधून काढलं. "हृदयाला भोक आहे म्हटलं की आईबापांचे कानच बंद होतात हो," त्या म्हणाल्या होत्या. "मान डोलावतात आणि घरी जाऊन रडतात. त्यांना एकदा दाखवा ना, भोक कुठे आहे आणि आम्ही ते कसं बुजवतो." ते आईबाप उद्या सकाळी यायचे होते. फिल्म तिने पुरी केली होती. आता फक्त मशीनने एकेक चित्र रंगवून काढायचं बाकी होतं. काही तासांचं काम, पण सलग. आणि मशीन पाच मिनिटं धड टिकत नव्हतं. स्क्रीनच्या कोपऱ्यातला तापमानाचा मोठा आकडा शंभरी गाठायचा आणि सगळं काळंठिक्कर.

तिने दादाला फोन लावला. तिचा हा थोरला भाऊ कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, आणि बहिणीने तयार मशीन घेतलं नाही याचा राग अजून जपून होता.

"पेस्ट नीट लावली नसशील. प्रोसेसर आणि पंख्याच्या मध्ये लावतात ती."

"दोनदा पुसून परत लावली, दादा. तू म्हणालास तसं, गरम असतानाच पुसली, लगेच बसवली, लगेच चालू केलं."

"मग प्रोसेसरच गेला. दे परत. पंधरा दिवसांत बदलून मिळेल."

"उद्या सकाळी लागतंय मला."

"मग चालव तसंच आणि भाज त्याच्यावर पापड," म्हणून दादाने फोन ठेवला.

ती त्या यंत्राकडे बघत राहिली. तसंच चालवावं, तर आकडा खरा असला आणि जळून गेलं तर? न चालवावं, तर उद्या डॉक्टरीणबाई पुन्हा हातवारे करून समजावणार. तिने वायर काढून टाकली. मशीन मुकाट झालं.

संध्याकाळ व्हायला आली तरी ठकू उठली नाही, म्हणून ती आत गेली. पोर गोधडीत गुरफटून पडली होती, गाल लालबुंद. कपाळ चटकलं हाताला.  ड्रॉवरमधला थर्मामीटर काढून तिने ठकूच्या काखेत धरला. तो पिपाणीसारखा वाजला आणि त्याने चांगला सणसणीत ताप दाखवला.

"आई! बघता का जरा? हिला ताप आलाय!"

सासूबाई आल्या. त्यांनी नातीकडे पाहिलंच नाही. थर्मामीटर घेतला, पुसला आणि सरळ स्वतःच्या काखेत धरून पलंगावर बसल्या.

"अहो, तुम्हाला काय झालंय?"

"मला काहीच झालेलं नाही. म्हणून तर. आपल्या घरात आधी धडधाकट माणसाचा ताप बघतात, मग आजाऱ्याचा. तुझ्या सासऱ्यांना एकदा असल्याच डबड्यापायी तीन दिवस पेजेवर ठेवलं होतं मी. अजून ऐकवतात."

पिपाणी वाजली. सासूबाईंनाही तेवढाच सणसणीत ताप.

"घ्या! आता मला झोपवा आणि पेज करा." मग त्या नातीकडे वळल्या. "ठके, याचं काय केलंस तू?"

"बाहुलीला आंघोळ घालताना तिच्या काखेत लावला होता," ठकू डोळे चोळत म्हणाली. "तिला ताप होता."

"बाहुलीसकट बुडवलान्! आता हा सगळ्यांनाच ताप देणार. चल, गोधडी काढ. काही झालेलं नाही तुला."

"पण मला गरम होतंय," ठकू म्हणाली.

"होणारच. गोधडीत शिरून झोपलीस ना?"

पाचच मिनिटांत पोरीचं कपाळ गार पडलं आणि ती बिस्कीट मागायला लागली. पण तिची आई तिथेच थर्मामीटर हातात घेऊन उभी होती. आधी धडधाकटाचा बघतात. आणि आपण? आपण एकदाही या यंत्राला थंड असताना विचारलं नाही. बंद पडलं की चालू केलं, पुसलं तेही गरम असताना. आत्ता ते सबंध दुपारभर थंडगार पडलेलं आहे.

ती धावतच टेबलाशी गेली. पंख्याखालच्या धातूला बोट लावलं. रांजणासारखा गार. वायर जोडली, बटण दाबलं, आणि या खेपेला कोपऱ्यातल्या त्या मोठ्या आकड्यावर न थांबता तिने आतलं पान उघडलं. मोठा आकडा म्हणजे सगळ्यांत जास्त तापलेल्याचा. आतल्या पानावर सगळे सुटे दिसतात. प्रोसेसरच्या पोटात आठ कोअर, म्हणजे काम वाटून घेणारे आठ भाग, आणि प्रत्येकाचा आपला एक थर्मामीटर.

सात जणांनी सांगितलं, सव्वीस. खोलीपेक्षा जेमतेम एक-दोन जास्त. आठव्याने सांगितलं, अठ्ठ्याऐंशी.

"आई, या ना इकडे! सात जण गार आहेत आणि हा एकटाच ओरडतोय. त्याचं ऐकून सगळं घर बंद पडतंय!"

सासूबाई चष्मा सावरत वाकल्या. "आठ जावा एका घरात म्हटल्यावर एक तरी कांगावखोर निघणारच."

तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच ती गप्प झाली. प्रोसेसरचा तो चौकोन तिने स्वतः चिमटीत धरून बसवला होता. त्याच्या झाकणाखाली नखाएवढी काचेसारखी चकती. त्या नखात आठ खोल्या, आणि दर खोलीत, केसाच्या टोकावर मावेल इतका बारीक, ताप बघणारा एकेक हात. कुणीतरी हे करायला बसलं होतं. हे पोर एक दिवस तापेल आणि याला तोंड नाही, एवढं कुणाच्या तरी मनात आलं होतं. आणि तोंड नसलेल्याला सांगता यावं म्हणून त्याने आतच कपाळावर हात ठेवून दिला होता. दुपारभर ती यंत्रावर चिडली होती. ते तर फक्त त्या हाताचं ऐकत होतं. जीव वाचवण्यासाठी मुकाट्याने झोपी जात होतं. 

सेटिंगमध्ये एकेक कोअर वेगळा बंद करता येत होता. तिने आठवा बंद केला आणि काम सुरू केलं.

आकडे चढले. चाळीस. पंचावन्न. चौसष्ट.  आकडे तिथेच घुटमळले, थोडे उतरले, थोडे चढले, झोपलेल्या मुलाच्या छातीसारखे. पाच मिनिटं गेली, दहा गेली, आणि स्क्रीनवर पहिला तुकडा तयार होऊन आला. अंधारातून एक इवलंसं हृदय वर आलं. ते मिटलं, उघडलं. कप्प्यांमधल्या पडद्यातलं भोक दिसलं, त्यातून वाट चुकलेलं रक्त दिसलं, मग त्यावर ठिगळ बसलं आणि रक्त आपल्या वाटेने गेलं. ते तिनेच घडवलं होतं, तरी तिला तोंड मिटता येईना.

"अगं बाई," सासूबाई हळूच म्हणाल्या. "हे असं चालू असतं आत? आपण भांडी घासतो तेव्हाही?"

तिने दादाला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सेन्सरच फसवत होता होय? थंड असताना बघायचं मलाही सुचलं नाही गं. बरं, काम झालं की दे परत. चांगला येईल."

"देते." तिने फोन ठेवला. ठकू बिस्कीट घेऊन मांडीवर चढून बसली होती. आकड्यांच्या रांगेत आठव्याच्या जागी नुसती रेघ होती. ठकूने तिच्यावर चिकट बोट टेकवलं.

"याला का झोपवलंस?"

"तो उगाच म्हणत होता, मी तापलोय, मी तापलोय. आम्ही हात लावून बघितलं. गार होता."

"आणि आता त्याला परत देणार?"

"हो."

ठकूने त्या रेघेवरून बोट उचललं नाही. बिस्कीट हातातच मऊ पडत गेलं. समोर ते इवलं हृदय मिटत होतं, उघडत होतं.

"पण आई," ती म्हणाली, "त्याला खरंच गरम होत असेल तर?"