बांधाकडचा फ्लॉवर

प्रतिभाने पाटीवरचा ओला गोणपाट उचलला आणि वरचाच गड्डा काढून पदराखाली घेतला. चार पाट्या पंचवटीच्या बाजारासाठी भरून ठेवल्या होत्या. ऊन लागून पिवळा पडू नये म्हणून तिच्या नवऱ्याने, महेशने, शेतातच पानं वर ओढून बांधलेली. गाठ सुटली तसा आतून पांढराशुभ्र, घट्ट फ्लॉवर निघाला.

लग्नानंतर सात महिन्यांनी तिचे वडील, नाना, पहिल्यांदा सिन्नरहून आले होते. बाहेर सासऱ्यांशी, धाकट्या दिराशी, लहानूशी बोलत बसले होते. आणि सासूने, अंबूबाईने, सकाळीच सांगून ठेवलेलं, "पाव्हण्यांना बांधाकडचाच कर."

बांधाकडचा म्हणजे पानांची चाळण झालेला, मिठाच्या पाण्यात टाकला की अळ्या वर येणारा. फ्लॉवर निघायला लागल्यापासून घरात तोच शिजत होता. स्वतःच्या ताटात प्रतिभाने तो मुकाट खाल्ला. नानांच्या ताटात तिला तो वाढवेना.

तिने तेलात जिरं टाकलं, कांदा परतला, आधी बटाटे, मग हळद चोळलेले तुरे. काळा मसाला घालून वर पाण्याची ताटली ठेवली. वास अंगणापर्यंत गेला असावा, कारण नाना कशावरून तरी मोठ्याने हसले.

अंबूबाई मळ्यातून आली ती चुलीजवळ पडलेल्या पानांपाशी थांबली. एक पान उचलून तिने दाराच्या उजेडात धरलं. त्याला एकही भोक नव्हतं.

"कुठला चिरला?"

"पाटीतला."

अंबूबाईने फडक्याने कढई उचलली आणि बाहेर निघाली. गोठ्यातल्या गाईने मान लांब केली, तिचं तोंड कोपराने बाजूला सारून ती मागच्या उकिरड्यावर गेली. भाजी उपडी केली. फावड्याने वर माती ओढली.

नाना बाजेवरून बघत होते. प्रतिभा दारात उभी होती. सासू रिकामी कढई घेऊन आत आली तेव्हा प्रतिभाने विचारलं,

"माझ्या नानांपुरता एक चांगला गड्डा जड झाला का, आत्या?"

"काल सांजच्याला औषध मारलंय त्याच्यावर," अंबूबाई हळू म्हणाली. "आठ दिस खायचा नसतो. बांधाकडच्या सरीला पंप लावत नाय आपण. ती घरची हाय."

"मला कुणी सांगितलंच नाही."

"सांगायचं काय त्यात? समद्यांना ठावं हाय." मग ती म्हणाली, "माझंच चुकलं. तू कुठं मळ्यात वाढलीस."

बांधाकडचा गड्डा तिने स्वतः चिरला. अळ्या वेचल्या. प्रतिभाने कढई घासून पुन्हा चुलीवर ठेवली.

जेवायला दीड तास उशीर झाला. लहानूने पाव्हण्यांपुढे ताट सरकवलं.

"आमच्यात आधी अळी जेवती, मंग पाव्हणा."

"मग चव बघूनच जेवली म्हणायची," नाना म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला. दुसऱ्यांदा त्यांनी भाजी मागून घेतली. "आमच्या साधनाच्या पोरालाही फ्लॉवरचं वेड. अजून दात धड नाहीत, पण भातात कुस्करून दिला की वाटी संपवतं. पंचवटीच्या बाजारातून आणते ती. म्हणते, नाना, काय पांढराशुभ्र मिळतो हो."

प्रतिभाच्या हातातली पळी कढईतच राहिली. धाकट्या बहिणीचं ते बाळ तिने बारशालाच काय ते पाहिलं होतं.

लहानू ताटात बघत राहिला. अंबूबाईने पाण्याचा तांब्या उचलला, कुणाच्याच पेल्यात ओतला नाही, पुन्हा खाली ठेवला.

चारच्या सुमाराला नाना निघाले. त्यांच्या पिशवीत अंबूबाईने बांधाकडचे दोन गड्डे घातले. "एक साधनाला द्या," ती म्हणाली.

ते गेले आणि महेश टेम्पो घेऊन आला. तो अंगणाच्या तोंडाशी लावून त्याने मागची फळी पाडली. पहिली पाटी उचलायला वाकला, तर तिच्या काठावर प्रतिभाचा हात होता.

"सोड ना, उशीर होतोय."

तिने हात काढला नाही. ओसरीवरून अंबूबाई उतरून आली तशी तिने मान खाली घातली.

अंबूबाईने पदर खोचला आणि पाटीची दुसरी कड धरली.

"उचल," ती सुनेला म्हणाली, आणि टेम्पोकडे पाठ करून गोठ्यामागच्या उकिरड्याकडे वळली.