चित्रेची चढण

व्याह्यांनी वरातीला जपानी गाडी आणलेली पाहिली आणि गंजमान राईच्या तोंडातला चहा कडू झाला. मानेभंजांगची लेक सासरी जाते ती लँड रोव्हरमधूनच, आणि निम्म्या गावाच्या लेकी त्यानेच डोंगरापार पोचवलेल्या. आता स्वतःच्या प्रबिनाला दुसऱ्याच्या लँड क्रूझरमध्ये बसवायचं?

"गाडी देखणी आहे, व्याही," तो म्हणाला, "पण पत्र्याला गंज चढलाय. आमची बघा, अ‍ॅल्युमिनियमची. माझ्या बापाने चालवली, तरी अंगावर गंजाचा ठिपका नाही."

"ठिपका नाही, पण पोचे किती!" हर्कध्वज लिम्बू सीमेपलीकडच्या, नेपाळातल्या इलामचे, ऐकून घेणारे नव्हते. "आणि इंजिन ऐकलंत का? तुमची विलायती म्हातारी खोकते, माझी जपानीण गाते."

सेलरोटी खाणारे वऱ्हाडी हातातला घास तसाच धरून ऐकू लागले. नवरदेव बिचारा बुटांकडे बघत राहिला. शेवटी ठरलं, गावाबाहेरची, वरच्या चित्रे गावाकडे जाणारी चढण जो आधी चढेल त्याच्या गाडीतून नवरी पुढे जाईल. तोवर ती वडिलांजवळ बसेल.

गंजमानने म्हातारीला असं काही पिटाळलं की मागे बसलेल्या मावश्या देवाचं नाव घ्यायला लागल्या. पण मागची गाडीही हटत नव्हती. भरल्या वऱ्हाडानिशी ती एका दमात चढत होती, आवाज जरासुद्धा चिरकत नव्हता. गंजमानने मनातल्या मनात दाद दिली. तोंडाने देईल तर शपथ!

वरचं वळण मात्र पाहुण्यांना पेलणारं नव्हतं. तिथे गाडी पुढे न्यायची, मागे घ्यायची, पुन्हा पुढे काढायची, आणि मागे घेताना कुणीतरी उतरून चाकामागे दगड लावायचा. गंजमान दगडाशिवायच निघून गेला आणि थांबून मागे बघू लागला. इलामवरून दुसऱ्या वाटेने आलेल्या हर्कध्वजांना हा रिवाज कुठून माहीत असणार? ओल्या पानांवरून त्यांची गाडी दरीकडे घसरू लागली.

कुणी ओरडायच्या आत प्रबिना खाली उतरली होती. लाल साडी खोचून धावत जाऊन तिने भलामोठा दगड चाकामागे सारला. गाडी जागच्या जागी थांबली.

"हरलो, व्याही," हर्कध्वजांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "गाडीचा दोष नाही, माझाच हात कच्चा. सूनबाई तुमच्याच गाडीतून येतील."

गंजमान जिंकला होता. पण प्रबिनाने हाताचा चिखल पुसला आणि लँड क्रूझरचं दार उघडलं.

"मामंजी, जरा सरका."

"तू चालवणार?"

"पुढे अशीच वळणं आहेत. गाडी झकास आहे हो, फक्त तिला इथला रस्ता माहीत नाही."

हर्कध्वज बाजूच्या सीटवर सरकले. प्रबिनाने गाडी पुढे नेली, मागे घेतली, एकही गचका न देता वळण काढलं. म्हातारीवर शिकलेला हात जपानी गाडीनेही निमूट मानला. गंजमानची छाती अशी फुगली की कोटाची बटणं ताणली गेली.

मागून हॉर्न वाजला.

"बाबा, रस्ता सोडा की! वरात खोळंबलीय!"

या चढणीवर गंजमानने आजवर कुणालाही बाजू दिली नव्हती. त्याने लँड रोव्हर डोंगराला चिकटवून उभी केली आणि मावश्यांकडे वळून ओरडला, "बघा, बघा, कशी नेतेय! माझी लेक आहे ती!"