सलग दिसणारी पाने

कारखान्यात सगळे त्यांना ‘काका’ म्हणत. फक्त क्ष-किरण चित्र टिपून मेमरीत लिहिणारा बोर्ड बनवणारी सख्खी भाची ‘मामा’ म्हणे. क्ष-किरण यंत्राच्या कर्नेलचे, म्हणजे मेमरी वाटून देणाऱ्या मूळ प्रोग्रामचे काम काकांकडे होते. निवृत्तीला चार दिवस उरले होते आणि त्यांचे एकही यंत्र आजवर नापास झाले नव्हते. प्रत्येक चाचणीपूर्वी यंत्र बंद करून नव्याने सुरू करायचे, हा त्यांचा नेम.

भाचीने मात्र यंत्र आठवडाभर चालूच ठेवले होते. त्या सकाळी तिने तळहाताचे चित्र घेतले. वरची एक ओळ उमटली, खाली नुसता चुरा, आणि यंत्र ठप्प. तासाभरात रुग्णालयाचे डॉक्टर यंत्राच्या तपासणीला येणार होते.

“तुझा बोर्ड बिघडलाय,” काका म्हणाले. “मी आठ मेगाबाइट सलग जागा दिली आहे.”

“सलग कुणाला?”

काकांनी शिकवणीचा सूर लावला. “एवढी जागा एकत्र मिळत नाही, बाळ. कर्नेल इथली-तिथली दोन हजार सुटी पाने, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, गोळा करतो, त्यांचे खरे पत्ते तक्त्यात लिहितो आणि प्रोग्रामला ती ओळीने मांडलेली दाखवतो.”

“आणि माझ्या बोर्डाला काय दिलंत?”

“पहिल्या पानाचा खरा पत्ता. पुढची त्याच्या मागोमाग...” काका थबकले.

“बोर्ड तुमचा तक्ता वाचत नाही, मामा. तो बिचारा नाकासमोर चालतो. एक ओळ तुमच्या पानात लिहिली, बाकीच्या ओळी लोकांच्या घरात, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांच्या पानांत घुसून!”

नव्याने सुरू केलेल्या यंत्रात सुटी पानेही बहुधा शेजारीशेजारीच मिळत; यंत्र बरेच दिवस चालले की ती विखुरत. काकांच्या शिस्तीने काकांचीच चूक तीन महिने पाठीशी घातली होती.

“बंद करून चालू करा,” भाची हळूच म्हणाली. “चित्र झकास येईल. कुणाला कळतंय?”

काकांचे बोट बटणापर्यंत गेले. “आणि रुग्णालयात आठवड्याने कुणाच्या फाइलवर कुणाचा हात उमटेल?” त्यांनी बोट मागे घेतले. “बोर्डाला प्रत्येक पानाच्या खऱ्या पत्त्याची यादी द्यावी लागेल. दोन दिवसांचे काम आहे.”

डॉक्टर आल्यावर काकांनी चूक आपली म्हणून सांगितली. डॉक्टरांनी तपासणीपत्रकावर ‘नापास’ लिहायला घेतले, पण त्यांचे पेन उमटेना.

काकांनी खिशातले आपले पेन टोपण काढून पुढे केले.