गासच्या वाडीतला नांगर

दगडाला कंठ फुटला म्हणून दचकू नका, मित्रांनो! मी एक जुना दगड आहे, सोपाऱ्याजवळच्या गास गावात प्लासिडच्या वाडीत विहिरीजवळ अर्धा रुतलेला. लांबट, आणि टोकाजवळ आरपार भोक. सगळे मला मोडकं जातं म्हणत. जातं? अहो, मी नांगर आहे! शेतातला नव्हे, गलबताचा!

शेकडो वर्षांपूर्वी सोपारा मोठं बंदर होतं. पाथरवटाने मला घडवलं, भोकात काथ्याचा जाड दोर ओवला आणि मी दर्यावर निघालो. परदेशी व्यापारी येत, आपल्याकडचं कापड भरून नेत. धक्क्यावर काय ती गर्दी, काय तो गोंगाट! वारा शिडात शिरला की गलबत उधळायचं आणि मी तळाच्या चिखलात घट्ट रुतून त्याला धरून ठेवायचो. खलाशी शाबासकी देत, तेव्हा मला आभाळ ठेंगणं व्हायचं.

पुढे खाडी गाळाने भरली. बंदर गेलं. तिकडे सोपाऱ्यात जुन्या बौद्ध स्तूपाच्या विटांचा ढिगारा उरला आणि इकडे गासात मी. गाळाची जमीन झाली, तिच्यावर केळी लागल्या आणि माझ्या भोकाला म्हैस बांधली गेली. फार वाईट वाटलं हो!

१९९८ च्या मे महिन्यात प्लासिडच्या मुलीचं, ॲनिशाचं, लग्न ठरलं. त्यानंतर नवं घर बांधायचं होतं. माझ्यावर पाय ठेवून प्लासिड बायकोला म्हणाला, "सालोमी, लग्न उरकलं का हे जातं फोडू. चौथऱ्याच्या भरावात जाईल."

म्हणजे माझे तुकडे होणार होते!

लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीचं पाणी वाजतगाजत आणायची इथली रीत. म्हणून मंडप थेट विहिरीपर्यंत घातला. त्या टोकाला जमीन इतकी कडक, की खुंटी आत जाईना. सालोमी म्हणाली, "म्हशीला सोडा आनि मंडपाचा दोर जात्याला बांधा!"

संध्याकाळी बँड वाजत होता, बायका गात होत्या, मधोमध ॲनिशा. पाणी भरलं आणि दर्यावरून सोसाट्याचा वारा सुटला. मंडपाचं कापड फुगलं. तेच शीड! तीच ओढ! पलीकडच्या खुंट्या पटापट उपटल्या. बांबू बायकांच्या डोक्यांवर डोलू लागले. "भायेर पळा!" प्लासिड ओरडला. सारा भार माझ्यावर आला. मी अंगातलं सगळं बळ लावून दोर धरला. शेवटची बाई बाहेर पडली, वारा पडला, आणि तिरपा झालेला मंडप तसाच उभा राहिला.

सालोमी धापा टाकत माझ्याजवळ वाकली. "अहो, हे बघा. दोर कसा खाचेत बसलाय! जात्याला अशी खाच असते का?"

प्लासिडने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. दोराने शतकानुशतकं झिजवलेली ती खाच. "माझा बाबा सांगायचा, इथं गलबतं लागायची. आमी हसायचो त्याला." मग तो एकदम ओरडला, "सालोमी, नांगर हाय हा!"

काय सांगू, मित्रांनो! इतक्या शतकांनी कुणीतरी मला माझ्या नावाने हाक मारली!

भरावाला दुसरे दगड आले. मी तिथेच आहे, विहिरीजवळ. कुठे भोक पडलेला जुना दगड दिसला, तर घण उचलण्याआधी एकदा त्याच्या कडेवरून बोट फिरवा. आणि गासला आलात तर माझ्या भोकात दोर ओवून जरूर ओढून बघा. मी सोडणार नाही!