दर्भाचं वळं

शरदिनीच्या अंगठ्यातलं रबरी वळं गंगाजळाच्या गडूबरोबर साताऱ्याला निघून गेलं, आणि निवड येऊन ठेपली आठ दिवसांवर.

गेल्या वर्षी विद्यापीठाच्या सॉफ्टबॉल संघात ती आली नव्हती, कारण बॅट ती तळव्यात आवळून धरायची. मनगटं आखडायची, आणि बॅट फिरेपर्यंत चेंडू मागे पोचलेला असायचा. यंदा खेळ शिकवणाऱ्या तिवारीबाईंनी ते जाडसर वळं दिलं. अंगठ्यात घातलं की बॅट तळव्यात शिरत नाही, बोटांवरच राहते. महिनाभर शरदिनीने दूधविनायक गल्लीतल्या घराच्या गच्चीवर, माकडांच्या देखत, बॅट फिरवली. हात जरा कुठे सुटत होता.

तेवढ्यात कालिंदीआत्याने ते वळं कोनाड्यातून उचललं. घरी उतरलेल्या यात्रेकरूंना गंगाजळाचा गडू आत्याच बंद करून द्यायची. साताऱ्याच्या पद्माबाईंच्या गडूचं झाकण सैल होतं. वळं नेमकं बसलं.

"मला वाटलं, डब्याचं रबर," आत्या म्हणाली. "अंगठ्यात रबर घालतं का कुणी, पगली?"

शरदिनी दुपारी जेवली नाही. तिचे वडील यज्ञेश्वरभट, म्हणजे आप्पा, पंचगंगा घाटावरची पूजा उरकून आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, लेकीला बॅट धरायला लावली, तिचा अंगठा उलटसुलट पाहिला. मग दर्भाची जुडी पुढ्यात घेऊन बसले. ओल्या काड्या वळून अंगठ्याएवढं वळं केलं, वरून सूत गुंडाळलं.

"आप्पा, पूजेचं पवित्रक घालून चेंडू मारू?"

"ब्रह्मगाठ कुठे घातलीय? गाठ नाही तर पवित्रक नाही. खुशाल मार."

रबर दाबलं की दबायचं. दर्भ मात्र वाळला तसा टोचायला लागला. मूठ आवळली की टोचे, सैल केली की निजल्यासारखा गप्प. गच्चीवर सकाळची कोवळी उन्हं यायची, खाली गल्लीत दूधवाल्याची सायकल वाजायची, आणि शरदिनीचा हात दिवसेंदिवस पाण्यासारखा वाहू लागला.

निवडीच्या दिवशी तिवारीबाईंनी अंगठ्याकडे बोट केलं. हातात काही चालणार नाही, काढून ठेव. शरदिनीने वळं काढून कुंपणाशी उभ्या आप्पांकडे दिलं.

मोकळा हात घाबरला. पहिला चेंडू हुकला, दुसराही. बॅट पुन्हा तळव्यात रुतली होती. तिने आप्पांकडे पाहिलं. ते वळं स्वतःच्या अंगठ्यात घालून त्यांनी मूठ आवळली आणि टोचल्यासारखं तोंड केलं.

शरदिनीला हसू आलं. हसताना बोटं आपसूक सैल झाली. तिसरा चेंडू आला तो बॅटवर टणकन वाजला आणि कडुनिंबावरून पार गेला. पुढचे दोनही गेले. तिवारीबाईंनी वहीत तिचं नाव लिहिलं.

त्या संध्याकाळी आत्या तांदूळ निवडता निवडता गुणगुणत होती:

दर्भाचं गं वळं, लेकीच्या अंगठ्याला
चेंडू गेला गंगेपार, येईना हाताला

पंधरा दिवसांनी साताऱ्याहून कार्ड आलं. पद्माबाईंनी लिहिलं होतं, थेंबसुद्धा सांडला नाही. पण हे रबर कुणाच्या कामाचं दिसतं, धाडून देऊ का?

उत्तर शरदिनीनेच लिहिलं. ते गडूवरच राहू द्या, मला आता लागत नाही.